युरोपची सहल : गावे किती आणि रात्री किती

युरोपला जावयाचे म्हणजे मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत बसावयाचे, असा एक काळ होता. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा ते वाचणाऱ्या बहुतेकांना तो सर्व प्रवास घरबसल्याच करावयाचा होता. आज आपल्या सुरतेतील मराठी घरांतूनही कोणाचा मुलगा जर्मनीत शिकत असतो, कोणाची कन्या नेदरलंड्समध्ये संसार करीत असते, तर कोणी हिऱ्याच्या कामानिमित्त अँटवर्पला जाऊन आलेला असतो. साहजिकच “एकदा आपणही जाऊन येऊ” हे बोलणे घरोघर निघते, आणि ते निघाले की कागदावर गावांची यादी होऊ लागते. लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम, जमल्यास व्हिएन्ना आणि प्राग, दिवस बारा.

यादी करण्यास काही लागत नाही. पुढे ती निभावावी लागते ती सत्तरीच्या वडिलांच्या गुडघ्यांना, लहान मुलांच्या झोपेला आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेला. माणशी काही लाखांचा हा खर्च असतो आणि बहुतेक कुटुंबांत असा प्रवास एकदाच घडतो. म्हणून प्रस्तुत लेखात प्रेक्षणीय स्थळांची वर्णने दिलेली नाहीत. ती पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळतात. अनेक शहरांचा प्रवास जुळवावा कसा, आणि त्यात आगगाडी कोठे, मोटार कोठे व विमान कोठे घ्यावे, एवढाच विषय येथे घेतला आहे.

पहिली गोष्ट अशी की, दिवस मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. आणि गावे मोजण्याऐवजी मुक्काम किती वेळा हलवावा लागेल ते मोजावे. मुक्काम हलवावयाचा म्हणजे काय होते, ते पाहा. सकाळी सामान बांधा, दहा-अकराच्या सुमारास खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडीतून उतरा, नव्या गावात पत्ता शोधा, आणि तेथील खोली तर दुपारी तीनच्या आत बहुधा मिळत नाही. गाडीचा प्रवास दोनच तासांचा असला तरी अर्धा दिवस जातो. बरोबर वृद्ध माणसे असली तर अर्ध्याहून अधिक जातो. बारा दिवसांत सात गावे घेतली तर सहा वेळा बिऱ्हाड हलणार, म्हणजे तीन ते चार दिवस निव्वळ सामान ओढण्यात जाणार. त्यात पोहोचण्याचा पहिला दिवस अर्धवट झोपेचा आणि शेवटचा विमानतळाचा. उरले सहा-सात दिवस, आणि गावे सात! माझ्या मते कोणत्याही गावी तीन रात्रींपेक्षा कमी राहण्याची योजना करूच नये. दोन आठवड्यांत चार मुक्काम पुष्कळ झाले.

मग बाकीची गावे सोडून द्यावयाची काय? मुळीच नाही. सुरतेच्या माणसाला ‘अप-डाऊन’ म्हणजे काय, हे सांगावयास नको. नोकरीधंद्यासाठी वापी, भरूच, अंकलेश्वर येथे रोज जाऊन-येऊन करणारी माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत, आणि पहाटे निघून मुंबईची कामे उरकून रात्री घरी येणे हा तर येथील नित्याचा परिपाठ आहे. युरोपातही तेच करावे. एका गावी बिऱ्हाड ठेवावे आणि सकाळी हाती फक्त पाण्याची बाटली व छत्री घेऊन आसपासची गावे पाहून यावे. स्वित्झर्लंडमध्ये लुत्सर्न येथे राहिले तर झुरिक पाऊण तासाच्या अंतरावर, बर्न तासाभरावर, टिटलिसच्या पायथ्याचे एंगेलबर्ग पाऊण तासावर आणि इंटरलाकेन दोन तासांच्या आत-बाहेर आहे. फ्लॉरेन्सहून पिसा एक तासाच्या आसपास, रोम दीड तास. म्युनिकहून ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग दोन तासांच्या आत, आणि व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा सुमारे एक तास. देश बदलला तरी बिऱ्हाड बदलत नाही.

हे साधते ह्याचे कारण तेथील अंतरे. नकाशावर देशांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात म्हणून ते देशही मोठे वाटतात. नेदरलंड्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड हे तिन्ही देश एकत्र केले तरी त्यांचे क्षेत्रफळ आपल्या एकट्या गुजरातेहून कमी भरते. सुरत ते मुंबई रेल्वेने २६३ किलोमीटर. झुरिक ते मिलान हे अंतर जवळपास तेवढेच. पॅरिस ते ब्रुसेल्स त्याहून थोडे जास्त, परंतु वेगवान गाडी ते सुमारे एक तास वीस मिनिटांत तोडते.

आता विमान की आगगाडी, हा प्रश्न. विमानाचा प्रवास एक तासाचा आहे असे तिकिटावर लिहिलेले असते, आणि आपण त्याची तुलना गाडीच्या चार तासांशी करतो. ही तुलना खरी नव्हे. घराच्या उंबरठ्यापासून पुढच्या घराच्या उंबरठ्यापर्यंतचा वेळ मोजला पाहिजे. विमानतळ गावाबाहेर, तेथे जावयास तास. दोन तास आधी पोहोचावयाचे. उड्डाण एक-दीड तास. सामान मिळावयास अर्धा-पाऊण तास. आणि पुन्हा गावात शिरावयास तास. झाले सहा तास. आगगाडी मात्र गावाच्या मध्यावर सोडते व मध्यावर उतरविते, आणि देशांतर्गत किंवा शेंगेन देशांतील गाडीसाठी वीस मिनिटे आधी पोहोचले तरी चालते. म्हणून चार-पाच तासांपर्यंतचा प्रवास असेल तर डोळे मिटून आगगाडी घ्यावी. ॲम्स्टरडॅम ते पॅरिस सुमारे तीन तास वीस मिनिटे, पॅरिस ते झुरिक चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत, माद्रिद ते बार्सिलोना अडीच-पावणेतीन तास. ह्या ठिकाणी विमानाचा विचारही करू नये. पॅरिसहून अथेन्स, रोमहून कोपनहेगन, व्हिएन्नाहून बार्सिलोना असे हजार किलोमीटरहून अधिक अंतर असेल तर मात्र विमानच बरे. लिस्बनचेही तसेच, माद्रिद व लिस्बन शेजारच्या देशांच्या राजधान्या, परंतु त्यांच्यामध्ये थेट वेगवान गाडी नाही.

स्वस्त विमानांच्या बाबतीत आणखी एक सूचना. तिकीट तीस युरोचे दिसते, परंतु त्यात आसनाखाली मावेल एवढी पिशवीच न्यावयाची मुभा असते. बॅगेचे पैसे वेगळे, आणि ते विमानतळावर भरले तर आधी भरण्यापेक्षा पुष्कळ जास्त. शिवाय विमानतळाच्या नावात पॅरिस असले म्हणजे ते पॅरिसमध्येच असेल असे नाही. पॅरिसचे म्हणून विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि मिलानच्या नावावरचे बेर्गामो सुमारे ५० किलोमीटरवर. नवसारीला उतरवून सुरत म्हणण्यापेक्षा हे अधिक झाले.

स्टेशनांच्या नावांकडेही लक्ष पुरवावे लागते. मुंबईला जाताना मुंबई सेंट्रलची गाडी आणि वांद्रे टर्मिनसची गाडी ह्यांतला फरक आपण जाणतो. तसाच पॅरिसमध्ये आहे. लंडन, ब्रुसेल्स व ॲम्स्टरडॅमच्या गाड्या उत्तरेकडच्या गार द्यु नॉर स्टेशनावर येतात आणि स्वित्झर्लंडच्या गाड्या गार द लिआँहून सुटतात. दोहोंमध्ये शहरी रेल्वेचे दोन थांबे आहेत. सामान घेऊन तासभर धरावा. व्हेनिसला मेस्त्रे आणि सांता लुचिया अशी दोन स्टेशने आहेत. मेस्त्रे हे जमिनीवरचे उपनगर, आपल्या उधन्यासारखे. पाण्यातले व्हेनिस त्याच्या पुढच्या सांता लुचियाला लागते. मेस्त्रेला हॉटेल स्वस्त मिळते आणि गाडीने दहा-बारा मिनिटांत पोहोचता येते, म्हणून जाणूनबुजून तेथे राहावयास हरकत नाही. परंतु चुकून उतरू नये.

तिकिटांची रीतही आपल्याहून वेगळी आहे. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि भाडे बहुतेक गाड्यांत ठरलेले असते. युरोपात वेगवान गाड्यांची विक्री साधारण तीन ते सहा महिने आधी सुरू होते आणि विमानाच्या तिकिटाप्रमाणे भाडे चढत जाते. आज ३५ युरोचे तिकीट आदल्या दिवशी शंभराच्या वर गेलेले दिसेल. प्रतीक्षा यादी नाही, चार्ट नाही. जर्मनीत तर तिकीट असते पण आसन राखलेले नसते. आसनाचे थोडे पैसे वेगळे भरून ते राखावे लागते, आणि वृद्धांसाठी ते जरूर भरावेत. इटलीतल्या लहान गावांच्या गाड्यांचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवून घ्यावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसला तर दंड होतो.

पासाविषयी फार विचारणा होते. युरेल पास १९५९ साली निघाला, तो युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी. आज तो ३३ देशांत चालतो. युरोपात राहणाऱ्यांना तो मिळत नाही, त्यांच्यासाठी इंटररेल नावाचा वेगळा पास आहे. म्हणजे आईवडील सुरतेहून आले आणि मुलगा जर्मनीहून त्यांना येऊन मिळाला, तर एकाच गाडीत आईवडिलांचा पास एक आणि मुलाचा दुसरा. साठी उलटलेल्यांना पासात दहा टक्के सूट असते आणि चार ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांबरोबर पास फुकट मिळतो. एवढे असले तरी माझे मत असे की, तीन-चार लांबचेच प्रवास असतील तर सुटी तिकिटे आधी घेणे स्वस्त पडते. कारण फ्रान्स, इटली व युरोस्टारच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे वेगळे पैसे पडतात, आणि काही गाड्यांत पासधारकांसाठी जागा मोजक्याच असतात. रोज उठून कोठे जावयाचे ते सकाळी ठरविणाऱ्यांना पास उपयोगी.

स्वित्झर्लंडचा प्रकार निराळा. तेथे आगगाडी, बस, सरोवरातली बोट सगळ्यांचे मिळून एकच तिकीट चालते आणि भाडी भारी आहेत. म्हणून तेथे स्विस ट्रॅव्हल पास किंवा निम्म्या दराचे कार्ड ह्यांपैकी एक घ्यावेच. रीगीच्या डोंगरावर ह्या पासाने फुकट जाता येते. युंगफ्राउयोखला मात्र फक्त सवलत मिळते. युंगफ्राउयोखची रेल्वे १९१२ पासून चालू आहे आणि ती ३,४५४ मीटर उंचीवर नेते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रीगीवरून दिसणारा देखावाही काही कमी नाही.

मोटारीचा मोह तरुणांना फार. त्यात चूक नाही, परंतु मोटार शहरासाठी नव्हे. इटलीत तोस्कानाची खेडी, जर्मनीतले ब्लॅक फॉरेस्ट, ऑस्ट्रियाची सरोवरे, असा एखादा तीन-चार दिवसांचा तुकडा निवडावा, शहराच्या शेवटच्या दिवशी मोटार घ्यावी आणि पुढच्या शहरात शिरण्यापूर्वी परत करावी. पाच-सहा माणसे असतील तर खर्चही आगगाडीहून फारसा जास्त येत नाही. आपला परवाना ज्या आर. टी. ओ. कार्यालयाचा असेल तेथून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. तो एक वर्ष चालतो. युरोपच्या भूमीवर वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे सर्वांस ठाऊक असते. अडचण येते ती डावीकडे वळताना आणि गोल चौकात. पहिले दोन तास गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर काढावेत. फ्रान्स, इटली, स्पेन येथे नाक्यांवर पैसे. स्वित्झर्लंडमध्ये वर्षभराचा ४० फ्रँकचा परवाना, एक दिवस वापरला तरी तेवढाच. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचाही मिळतो. इटलीच्या जुन्या गावांत बाहेरच्या मोटारींना मज्जाव असलेला भाग असतो, त्याच्या तोंडाशी कॅमेरा बसविलेला असतो आणि दंडाचा कागद चार-सहा महिन्यांनी सुरतेच्या पत्त्यावर येऊन पोहोचतो. एका देशात मोटार घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर त्याचेही मोठे शुल्क पडते. म्हणून मोटारीचा तुकडा एकाच देशातला असावा.

आता हे सर्व एकत्र बसवून पाहू. मुंबईहून ॲम्स्टरडॅम, तेथे तीन रात्री. गाडीने पॅरिस, चार रात्री. गाडीने बाझेलमार्गे लुत्सर्न, पाच रात्री. तेथून रोम, तीन रात्री. रोमहूनच मुंबईचे विमान. एकूण पंधरा रात्री, चार बिऱ्हाडे, तीन वेळा सामान हलविणे. ज्या गावी उतरलो तेथेच परत येऊन विमान धरावयाचे नाही, हे ह्यात महत्त्वाचे. एका गावी जाणे व दुसऱ्या गावाहून येणे असे तिकीट एकत्र काढले तर ते साध्या जाण्यायेण्याच्या तिकिटाहून फार महाग पडत नाही, आणि रोमहून ॲम्स्टरडॅमला परत जाण्याचा एक दिवस व माणशी एक तिकीट वाचते.

वाटेत हिऱ्याच्या धंद्यातल्यांना अँटवर्प खुणावणारच. ॲम्स्टरडॅम ते पॅरिसची गाडी तेथे थांबते. तिकिटाचे दोन तुकडे करून, सामान स्टेशनातल्या कपाटात कुलूपबंद ठेवून चार-पाच तास उतरता येते. १९०५ सालचे ते घुमटाचे स्टेशन स्वतःच पाहण्यासारखे आहे, आणि हिऱ्यांचा बाजार त्याला लागूनच आहे. आपल्या महिधरपुऱ्यातली रस्त्यावर पुड्या उघडून बसण्याची गडबड तेथे नाही; सगळे व्यवहार बंद दारांआड. शनिवार-रविवारी तेथे जाऊन उपयोग नाही. उलट दिशेचे एक नाते आपल्या गावातच आहे. कतारगाम दरवाजाजवळच्या डच कबरस्तानात व्हान रीड ह्या डच अधिकाऱ्याची भव्य कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरील त्याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले, आणि तो स्वतः १६९१ साली सुरतेकडे येताना समुद्रावर वारला. ॲम्स्टरडॅम पाहून येणाऱ्याने निदान ही कबर पाहिलेली असावी.

वरच्या आखणीत एकच टप्पा वादाचा आहे, तो लुत्सर्न ते रोम. आगगाडीने मिलानला गाडी बदलून सुमारे सात तास. विमानाने जावयाचे तर लुत्सर्नहून झुरिकचे विमानतळ एक तास, तेथे दोन तास, उड्डाण दीड तास, सामान पाऊण तास, आणि फ्युमिचिनो विमानतळाहून रोमच्या मुख्य स्टेशनापर्यंत ३२ मिनिटांची गाडी. बेरीज सहा तासांच्या जवळ जाते. फरक तासाभराचा. मी आगगाडी घेईन, आणि शक्तीचा प्रश्न असेल तर वाटेत मिलान किंवा फ्लॉरेन्सला एक रात्र काढण्याऐवजी सकाळची लवकरची गाडी धरीन. ही गाडी २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्यातून जाते. मौज अशी की, जगातल्या सर्वांत लांब रेल्वे बोगद्यातून गेल्याचे समाधान मिळते आणि दिसत मात्र काहीच नाही. डोंगर पाहावयाचे असतील त्यांनी जुन्या वरच्या मार्गाची सावकाश गाडी घ्यावी. तीत वासेन गावचे एकच चर्च गाडी वळत वळत चढत असताना तीन वेळा निरनिराळ्या उंचीवरून दिसते.

लुत्सर्नला पाचवी रात्र का ठेवली, त्याचे कारण व्हिसा. शेंगेन करारात आता २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सर्व पाहता येतात; परंतु अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम आहे त्याच्याकडे करावयाचा असतो. फ्रान्समध्ये चार आणि स्वित्झर्लंडमध्येही चार रात्री ठेवल्या असत्या तर मुख्य देश कोणता हे ठरत नाही, आणि मग प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे, म्हणजे येथे नेदरलंड्सकडे, जावे लागते. एक रात्र वाढविली की प्रश्न मिटतो. इंग्लंड व आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. लंडन मध्येच घातले तर इंग्लंडचा वेगळा व्हिसा लागतो आणि शेंगेनचा व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा लागतो. नाहीतर लंडनला गेलेले कुटुंब पॅरिसला परतू शकत नाही. माझा सल्ला असा की, पहिल्या प्रवासात लंडन घेऊच नये. घ्यावयाचेच तर अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी घ्यावे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांहून उशीर चालत नाही. निर्णयास साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसही. उन्हाळ्यात भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी हालचाल करावी. बोटांचे ठसे देण्यासाठी आपणांस अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते; एकदा दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरले जाऊ शकतात. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांस ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांस ४५, त्याहून लहानांस नाही. निदान ३०,००० युरोचा आजारपणाचा विमा लागतो. त्यात मधुमेह, रक्तदाब असे आधीचे दुखणे स्पष्ट लिहावे, लपवू नये. ज्यांनी तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले आहेत अशा भारतीयांना एप्रिल २०२४ पासून दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. मुलांकडे वारंवार जाणाऱ्या आईवडिलांना ही सोय मोठी आहे. परंतु व्हिसा दोन वर्षांचा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही.

पैसे बुडतात ते येथेच. व्हिसासाठी प्रवासाची आखणी व हॉटेलांची नोंद दाखवावी लागते, आणि व्हिसा तर हाती आलेला नसतो. अशा वेळी रद्द करता येतील अशीच हॉटेले घ्यावीत, विमानाचे नुसते आरक्षण दाखवून चालत असेल तर तेवढेच करावे, आणि आगगाडीची परत न होणारी स्वस्त तिकिटे व्हिसा आल्यावरच घ्यावीत. चार युरो वाचविण्यासाठी आधी घेतलेली तिकिटे व्हिसा नाकारला तर कोणी परत घेत नाही.

सुटीचा महिना हाही सुरतेपुरता वेगळा प्रश्न आहे. येथे दिवाळीत कारखाने आणि बाजार बंद, शाळांना सुटी, सगळे गाव बाहेर पडते. परंतु ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळे तासभर मागे जातात, पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो आणि स्वित्झर्लंडच्या पुष्कळ डोंगरी गाड्या नोव्हेंबरात दुरुस्तीसाठी बंद असतात. दिवाळीत जावयाचे असेल तर इटली, स्पेन, ग्रीस असा दक्षिणेचा बेत करावा. उन्हाळ्याच्या सुटीत, मेच्या पहिल्या आठवड्यात निघाले तर ॲम्स्टरडॅमजवळच्या क्यूकेनहोफची ट्यूलिपची फुले जेमतेम सापडतात. ती बाग मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी सप्टेंबर निवडावा.

मुंबईचे विमान बहुधा मध्यरात्रीनंतरचे असते. दुपारची गाडी धरावी आणि मुंबई सेंट्रलपर्यंत न जाता बोरिवलीला उतरावे. विमानतळ तेथून जवळ पडते. पावसाळ्यात वसई-विरार-पालघरच्या पट्ट्यात पाणी साचून गाड्या खोळंबतात, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठणे शहाणपणाचे. सुरतेहून शारजाचे विमान २०१९ साली आणि दुबईचे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाले, त्यामुळे तिकडून पुढे जाण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. सर्व प्रवास एकाच तिकिटावर असेल तर उत्तम. दोन निरनिराळी तिकिटे असतील तर मध्ये सामान सोडवून पुन्हा द्यावे लागते, त्यासाठी तेथला व्हिसा लागू शकतो, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरे विमान वाट पाहत नाही. युरोपच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची पद्धत क्रमाक्रमाने लागू झाली. रांगेसाठी वेळ हाती ठेवावा.

हे सर्व ज्यांना जड वाटते त्यांच्यासाठी सहल कंपन्या आहेतच. केसरी १९८४ पासून आणि वीणा वर्ल्ड २०१३ पासून मराठी कुटुंबांना नेत आहेत. मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि आपले जेवण ह्यांची किंमत परक्या मुलखात गेल्यावरच कळते. फक्त पत्रक हाती आले की त्यातही रात्री मोजाव्यात, आणि पहाटे किती वेळा बॅगा बाहेर ठेवावयाच्या आहेत ते विचारावे.

सामान ज्याचे त्याला जिन्यावरून उचलता येईल एवढेच असावे. स्टेशनांवर हमाल नाहीत. चालण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी रेल्वेकडे चोवीस तास आधी आणि विमान कंपनीकडे अठ्ठेचाळीस तास आधी कळविले तर मदतनीस विनामूल्य मिळतो. औषधे दुप्पट न्यावीत, अर्धी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. निदान लुत्सर्नसारख्या लांबच्या मुक्कामी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. खिचडीचा कुकर लागला की परदेशातही घर होते. स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया येथे रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून दूध-पाव शनिवारीच आणावा. अडलेच तर मोठ्या स्टेशनातले दुकान उघडे असते. चिवडा, खाकरा, भाजलेली डाळ खुशाल न्यावी. तूप, पनीर, मावा असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघाच्या देशांत नेण्यास मनाई आहे, तेव्हा मुलासाठी हौसेने बांधलेली घारी विमानतळावर काढून घेतली जाण्याचा संभव आहे. ती तो सुरतेला येईल तेव्हाच त्याला द्यावी.